पाय दुखतो म्हणता, पण कधी दुखतो?

मागच्या अंकात पायाच्या दुखण्याबद्दल पत्रं मागवली होती, एवढी येतील असं वाटलं नव्हतं. पण एक तक्रार आधीच करतो, निम्म्या पत्रांत नुसतं 'पाय दुखायलाय' एवढंच लिहिलंय. आता आपल्याकडं पाय म्हणजे कमरेपासून अंगठ्यापर्यंत सगळंच, त्यात मी फिजिओथेरपिस्ट, ज्योतिषी नाही, त्यामुळं कुठं दुखतं ते बोट ठेवून सांगा आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कधी दुखतं ते सांगा. खालच्या तिघांनी नेमकं तेच लिहिलंय म्हणून त्यांची पत्रं घेतली.

प्रश्न : वय ४६, घरकाम आणि शिवणकाम. चार महिने झाले उजवी टाच लई दुखायलीय. सकाळी पाय खाली ठेवला की खिळा घुसल्यावानी कळ येते, भिंत धरून बाथरूमला जाते. दहा-पंधरा मिनिटांनी कमी होतं, मग दुपारी मशीनवरून उठलं की पुन्हा तेच. एक्स-रेत हाड वाढलंय म्हणाले. ऑपरेशन करावं लागंल का? सासूबाई रुईचं पान ठेवून विटकरीनं शेकायला लावतात, करू का? (एक भगिनी, अंबाजोगाई)

उत्तर : ताई, निम्मं निदान तुम्हीच लिहून पाठवलंय. सकाळचं पहिलं पाऊल आणि बसून उठल्यावरचं पहिलं पाऊल, ही बहुतेक वेळा प्लांटर फॅशिआयटिसची, म्हणजे तळव्यातला पट्टा दुखावल्याची खूण असते. हा जाड पट्टा टाचेच्या हाडापासून बोटांच्या बुडापर्यंत असतो, पावलाची कमान तोच धरून ठेवतो. रात्री झोपेत पाऊल खाली झुकलेलं असतं, पोटरी आणि पट्टा दोन्ही आखडून बसतात, आणि सकाळी उठल्या उठल्या सगळं वजन त्यावर येतं, मग ओरडणारच की तो.

हाड वाढल्याचं एवढं मनावर घेऊ नका. एक्स-रेत ते बाभळीच्या काट्यासारखं दिसतं म्हणून माणूस घाबरतं, पण ज्यांची टाच कधीच दुखली नाही अशा कितीतरी लोकांच्या एक्स-रेत पण ते असतं. ऑपरेशन फार म्हणजे फार थोड्यांना लागतं. टाचेत स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात, त्यानं काही आठवडे बरं वाटतं, पण परत परत घेतलं तर टाचेखालची चरबीची गादी पातळ होते आणि पट्टा तुटायची पण भीती असते, त्यामुळं पहिला उपाय तो नव्हे.

सकाळी पलंगावरून उतरायच्या आधीच दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या, हातानं पाचही बोटं नडगीकडं ओढा, तळव्यात ताण जाणवला पाहिजे, १० सेकंद धरा, असं १० वेळा, दिवसातून तीनदा. मग भिंतीला हात टेकून, दुखरा पाय मागं, टाच जमिनीला चिकटलेली, ३० सेकंद पोटरीचा ताण, तीन वेळा. दोन आठवड्यांनी जरा सोसायला लागलं की पायरीवर उभं राहा, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि टाच उचला, ३ सेकंदात वर, २ सेकंद थांबा, ३ सेकंदात खाली, हे एक दिवसाआड. नुसतं ताणून भागत नाही, ताकद पण यावी लागते, आणि लोक नेमकं इथंच सोडून देतात. पूर्ण बरं व्हायला काही महिने जातात हे आत्ताच सांगून ठेवतो, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात तुम्ही म्हणणार काही फरक नाही.

शहाबादी फरशीवर दिवसभर अनवाणी वावरणं बंद करा. घरात वापरायला वेगळी मऊ चप्पल आणा, देवघर सोडून. सासूबाईंना सांगा डॉक्टरनं लिहून दिलंय, मी देतोच आहे लिहून. विटकरीचं म्हणाल तर आमची आजी पण तेच करायची, शेकल्यानं बरं वाटतं हे खरंय, पट्टा मात्र त्यानं मजबूत होत नाही. साखर नसेल आणि कातडी भाजणार नसेल तर शेका. बिब्बा लावू नका, फोड येतात. आणि हो, मशीन पायानं चालवता का मोटरवर ते लिहिलं नाही, पायानं असेल तर सध्या काम दुसऱ्या पायावर घ्या.

प्रश्न : वय २१, पोलीस भरतीची तयारी करतोय. तीन आठवड्यांपूर्वी कापसाच्या रानातून पळताना ढेकळावर पाय मुरगळला. त्याच दिवशी एकाकडं मालीश करून शीर बसवली, तर रात्री पाय टम्म फुगला. आता सूज कमीय पण पळताना घोटा दगा देतो. १६०० मीटरला बसू का नको? (गेवराई तालुका)

उत्तर : अरे, शीर बिर काही सरकत नसते. पाऊल आत वळलं की घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारे पट्टे, ताणले जातात नाहीतर फाटतात, आतून रक्त झिरपतं, त्यावर त्याच दिवशी दणकून मालीश म्हणजे आणखी रक्त. पहिले दोन दिवस कापडात बर्फ गुंडाळून १५-२० मिनिटं, क्रेप बँडेज आणि पाय उशीवर, एवढंच करायचं असतं.

एक्स-रे कुणाला लागतो याचा एक नियम कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये मांडला. घोट्याभोवती दुखत असेल आणि मुरगळल्यावर लगेच आणि दवाखान्यात पण चार पावलं टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाचा मागचा कंगोरा, टोकापासून वर ६ सेंटिमीटरपर्यंत, दाबल्यावर दुखत असेल तर काढायचा. पावलाच्या बाहेरच्या कडेला मधोमध असलेली हाडाची गाठ किंवा आतली कमानीवरची गाठ दाबून दुखली तरी काढायचा. तू अजून काढला नसशील आणि यातलं काही दुखत असेल तर आधी तो काढ.

दगा का देतो? लिगामेंटात नुसती ताकद नसते, पाऊल कुठं पडलंय ही खबर मेंदूला देणारं यंत्र पण असतं, ते बिघडलंय. दात घासताना दुखऱ्या पायावर ३० सेकंद उभा राहा, जमलं की डोळे मिटून (भिंत जवळ ठेव), मग गोधडीची घडी टाकून त्यावर. सायकलची जुनी ट्यूब खाटेला बांध, पावलात अडकव आणि पाऊल बाहेर ढकल, १५-१५ चे तीन सेट. दोन्ही पायांवर टाचा उचलणं सारखं जमलं, एका पायावर १० उड्या न दुखता मारल्या, की मग पळ, आधी मैदानात, डांबरीवर नंतर. घाईनं ग्राउंड दिलं आणि तिथंच मुरगळला तर वर्ष जाईल. आणि भरतीच्या पोरांना एक, पावलाच्या पुढच्या भागात एकाच हाडावर बोट ठेवता येईल असं दुखत असेल आणि पळालं की वाढत असेल तर ती हाडाला पडलेली बारीक चीर असू शकते, पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे चांगला दिसतो म्हणून फसू नका.

प्रश्न : बाबा ६३ वर्षांचे, १२ वर्षांपासून शुगर. रात्री तळपायाची आग होते, चादर पण सहन होत नाही. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही म्हणतात. कोजागिरीला दरवर्षी अनवाणी चालत तुळजापूरला जातात, औंदा पण जायचं म्हणतात. फिजिओथेरपीनं आग जाईल का? (औसा)

उत्तर : दादा, आग फिजिओथेरपीनं जाणार नाही, उगीच आशा लावत नाही. साखरेनं नसा खराब झाल्याची ही खूण आहे, त्याला साखर ताब्यात आणणं आणि डॉक्टरची औषधं. साखरेची मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ जीवनसत्त्व पण तपासून घ्या, ते कमी पडून असंच होतं. आमचं काम तोल सांभाळण्याचं, पोटऱ्या मजबूत करण्याचं, म्हणजे पडायची भीती कमी होते.

पण मला आगीपेक्षा चपलेची जास्त काळजी वाटली. चप्पल गेलेली कळत नाही त्या माणसाला काटा घुसलेला पण कळत नाही, आणि जखमा इथूनच सुरू होतात. अनवाणी अजिबात नको. आंघोळीचं पाणी पायानं नाही, कोपरानं बघायचं. विटकरीचा शेक बंद. रोज रात्री तळवे तुम्ही बघा किंवा आरसा द्या. पाऊल लाल, गरम, सुजलेलं असेल आणि दुखत नसेल तर ते चांगलं लक्षण समजू नका, त्याच दिवशी दवाखाना.

आई भवानीला जाऊ नका म्हणायची माझी हिंमत नाही. तुळजापूरपर्यंत एसटीनं न्या, जखम नसेल तर थोडंच चालवा, बंद मऊ बूट आणि सुती मोजे घालून, आणि मंदिराच्या पायऱ्या हात धरून उतरवा. अनवाणीचा नवस यंदा तुम्ही फेडा. बूट घालायच्या आधी दरवेळी आत हात घालून चाचपून बघा, खडा असला तर तो बाबांच्या पायाला कळणार नाही, तुमच्या बोटालाच कळंल.