सर्टिफिकेट कुठे लावू, असं विचारलंस म्हणून

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. फार्मासिस्ट झालास, आता सर्टिफिकेट नाशिकच्या दिंडोरी रोडवरच्या मेडिकलला भाड्याने द्यावं की सिडकोतल्या मेडिकलमध्ये स्वतः नोकरी करावी, हा तुझा प्रश्न. दोन ओळींत उत्तर देता आलं असतं, पण मग तू आणखी चौघांना विचारशील आणि त्यातले तिघं म्हणतील, "लाव की, काय होतंय!" म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दिंडोरी रोडच्या दुकानदाराला फक्त तुझं सर्टिफिकेट हवंय. भिंतीवर फ्रेम लागणार, महिन्याच्या महिन्याला खात्यावर पैसे, तू स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला मोकळा. सिडकोतल्या मालकाला तू स्वतः हवा आहेस. सकाळी नऊ ते रात्री नऊ उभं राहायचं आणि पगार त्या भाड्यापेक्षा फार मोठा नाही. तू हिशेब मांडलास, त्यात रागावण्यासारखं काही नाही. फक्त एक रकाना मोकळा ठेवलास, तो मी भरतो.

१९४८ च्या फार्मसी कायद्याचं कलम ४२ तू परीक्षेपुरतं पाठ केलं असशील. चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं. औषध नियमांतला ६५ वा नियमही तेच सांगतो, तुझ्या हातून किंवा तुझ्या प्रत्यक्ष देखरेखीखाली. म्हणजे तू अभ्यासिकेत बसलेला असताना दुकानातला पोरगा जे काही देईल, ते कागदोपत्री तू दिलेलं असतं. काही बरंवाईट झालं की मालक हात झटकून मोकळा होईल, "फार्मासिस्ट आहे ना, त्याला विचारा." ते भाडं तुझ्या फ्रेमचं नसतं रे. पुढे कोणी विचारायला आलं तर उभं करायला एक नाव हवं असतं, त्याचं असतं.

२०१२ च्या सुमारास महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त होते. फार्मासिस्ट दुकानात हजर आहे का, हे तेव्हा राज्यभर तपासलं गेलं आणि आमच्या धंद्यात मोठी ओरड झाली. बारा-चौदा तासांच्या दुकानाला एक माणूस पुरत नाही, खेड्यात माणूस मिळत नाही, ही तक्रार खोटी नव्हती. मला खटकलं ते दुसरंच. तासन् तास चर्चा व्हायची ती परवान्याची, दंडाची, बंदची. फार्मासिस्ट नसला तर पेशंटचं काय बिघडतं, हा प्रश्न आमच्यातल्याच कोणाला पडत नव्हता. आपणच आपल्याला महापालिकेच्या एखाद्या करासारखं समजत होतो. भरावा लागतो म्हणून भरायचा.

आता मुद्द्याचं. कुठल्याही मेडिकलवाल्याला विचार, चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक द्यावं का? तो नाही म्हणेल आणि मनापासून म्हणेल. संध्याकाळी सात वाजता तोच देतो. माणूस लबाड असतो असं नाही. काउंटरवर सहा जण उभे, फोन वाजतोय, समोर रोजच्या ओळखीचा शेजारी "दोनच गोळ्या दे, डॉक्टरकडे जायला वेळ नाही" म्हणतो. त्या क्षणी कायदा आणि नीती दोन्ही फार लांब असतात. माझं मत असं की सात वाजेपर्यंत उशीर झालेला असतो. काय विकायचं हे त्याआधीच ठरतं, गोळे कॉलनीतल्या होलसेलवाल्यांकडे ऑर्डर जाते तेव्हा.

एक उदाहरण देतो. पावसाळ्यात अंबड-सातपूरच्या कारखान्यांतली पोरं गजकर्ण घेऊन येतात. घामाने भिजलेला युनिफॉर्म, त्यावर घट्ट पट्टा, खोलीवर सहा जणांत दोन टॉवेल. दुसरं काय होणार? नेमका त्याच सुमारास सेल्समन ट्यूबची स्कीम आणतो, दहावर तीन फुकट. ट्यूबमध्ये बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि वर क्लोबेटासोल, म्हणजे तगडं स्टिरॉइड. मालक शंभराची ऑर्डर देतो. आता ती शंभर-एकशेतीस नळकांडी तुझ्या डोळ्यांसमोर पडून आहेत, पैसे अडकलेत. पोरगा येऊन "खाज येतेय, काहीतरी द्या" म्हणाला की हात आपोआप तिकडेच जातो.

दोन दिवसांत खाज थांबते. पोरगा खूश, खोलीवरच्या सगळ्यांना तीच ट्यूब सांगतो. महिन्याभराने तो परत येतो तेव्हा चट्टा हातभर पसरलेला, कडा पुसट झालेल्या. हे गजकर्णच आहे हे त्वचारोगतज्ज्ञालाही चटकन ओळखता येत नाही. जांघेतली कातडी पातळ होऊन तिथे पांढऱ्या भेगांसारख्या रेषा उमटतात आणि त्या जन्मभर जात नाहीत. २०१८ पासून स्टिरॉइडची अशी मलमं शेड्यूल एच मध्ये आहेत, चिठ्ठीशिवाय देताच येत नाहीत. पण शंभराची ऑर्डर देताना नोटिफिकेशन कोण आठवतो! म्हणून तुला सांगतो, ती वस्तू दुकानात दोन-चार नगांपेक्षा जास्त येऊच देऊ नकोस. शेल्फवर ढीग नसेल तर "डॉक्टरला दाखव" म्हणणं सोपं जातं. झोपेच्या गोळ्यांचंही तेच. आपल्याच जिल्ह्यात, मालेगावात, अल्प्राझोलमला पोरं "कुत्ता गोली" म्हणतात, हे तू पेपरात वाचलंयस. ती गोळी कुठल्या तरी दुकानाच्या बिलावरच बाजारात आलेली असते.

एच-वन रजिस्टरबद्दल दोनच शब्द. एच-वन म्हणजे चिठ्ठीच्या औषधांतली जास्त कडक यादी, तिच्यातल्या प्रत्येक विक्रीची नोंद या वहीत करायची. मार्च २०१४ पासून ते ठेवावं लागतं. डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, नग, आणि वही तीन वर्षं जपायची. पुष्कळ दुकानांत ती महिनाअखेरीला एका बैठकीत, एकाच पेनाने भरली जाते. पानावर नजर टाकली की कळतं.

त्याच एच-वन यादीत टीबीची औषधं आहेत आणि तिथे आपण धंद्यापुरतं बघतो. एखादा कंत्राटी कामगार खासगी डॉक्टरची चिठ्ठी घेऊन महिन्याचा कोर्स खिशातून विकत घेतो. सरकारी यंत्रणेत हीच औषधं फुकट मिळतात, शिवाय खुराकासाठी महिन्याला हजार रुपये खात्यावर येतात, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. परवडेनासं झालं की दोन महिन्यांत तो कोर्स सोडतो. २०१८ पासून टीबीच्या पेशंटची नोंद सरकारला कळवणं केमिस्टवरही बंधनकारक आहे. त्याला सिव्हिलचा रस्ता दाखवलास तर एक गिऱ्हाईक जाईल. जाऊ दे.

डॉक्टरांशी कसं बोलायचं, हेही विचारलं होतंस. समज, संधिवाताच्या पेशंटच्या चिठ्ठीवर मेथोट्रेक्सेट आहे आणि पुढे "रोज एक" लिहिलंय. संधिवातात ही गोळी आठवड्यातून एकदाच असते. रोज घेतली तर तोंड सोलवटतं, रक्तातल्या पेशी घटतात, माणूस दगावतो. तू चिठ्ठी ठेवून घे, पेशंटला "दोन मिनिटं बसा" म्हण आणि आत जाऊन फोन लाव. क्लिनिकमधली मुलगी उचलेल, "डॉक्टर बिझी आहेत" म्हणेल. चिकाटी सोडायची नाही. डॉक्टर आले की "चुकलंय" हा शब्द काढू नकोस. "सर, मेथोट्रेक्सेट आठवड्याला लिहायचं होतं का?" एवढंच विचार. शंभरातले नव्वद "हो हो, बरं झालं विचारलंत" म्हणतात. उरलेले खेकसतात आणि मग दुरुस्त करतात. स्वतःच्या मनाने चिठ्ठी बदलायची नाही, आणि शंका असताना औषध हातात द्यायचं नाही. पाकिटावर मराठीत वाराचं नाव लिही, "फक्त सोमवारी". बाई अशिक्षित असेल तर तिच्या मुलाला फोनवर सांग.

गल्लीतल्या दुकानाला गल्लीची सगळी गुपितं कळतात. कोणाची मानसोपचाराची गोळी चालू आहे, कोणत्या मुलीने ७२ तासांच्या आत घ्यायची गोळी नेली. तिच्याकडे बघून भुवई उंचावलीस तरी ती पुढच्या वेळी भलत्या ठिकाणी जाईल. तुझ्या वयाची पोरं दुकानात मित्र घेऊन बसतात, ते बंद.

सगळं इतकं सरळ असतं असंही समजू नकोस. सिंहस्थ तोंडावर आलाय. पंचवटीत, रामकुंडाकडे कोणी म्हातारे गृहस्थ रिकामी स्ट्रिप दाखवतील. फिटची गोळी, चिठ्ठी गावी राहिलेली, आज रात्रीची गोळी नाही. नियम म्हणतो देऊ नको, आणि गोळी चुकली तर गर्दीत फिट येईल. मी अशा वेळी त्यांच्या मुलाकडून व्हॉट्सअॅपवर जुन्या चिठ्ठीचा फोटो मागवतो, मग जवळच्या डॉक्टरकडून किंवा मेळ्याच्या दवाखान्यातून नवी चिठ्ठी लिहून आणायला माणूस बरोबर देतो. वीस मिनिटं जातात. हाकलून देणंही सोपं, काढून देणंही सोपं, म्हणून बहुतेक जण या दोहोंपैकी एक करतात.

तर दिंडोरी रोडला नाही म्हणून टाक, कारण सांगत बसू नकोस. सिडकोला जा, पण हो म्हणायच्या आधी दुकान नीट बघ. फ्रीज उघड. इन्सुलिनजवळ थर्मामीटर आहे का, दोन ते आठ अंशांत आहे का, की पाण्याच्या बाटल्याच भरल्यात? एच-वनच्या वहीचं शेवटचं पान बघ, वर सांगितलंय तसं. तू जेवायला बसशील तेव्हा चिठ्ठ्या कोण घेणार, ते विचार. आणि मुख्य म्हणजे ऑर्डर कोण काढतं ते विचार. "ते मी बघतो, तू फक्त काउंटर सांभाळ" असं उत्तर आलं तर निदान शेड्यूलच्या औषधांची ऑर्डर तुझ्या नजरेखालून जाईल, एवढं कबूल करून घे. पगाराचं त्यानंतर बोल, आणि बारा तासांचे दहा करून माग. थकलेल्या माणसाला औषधाच्या नावातला एका अक्षराचा फरक दिसत नाही, हे मालकालाही ठाऊक असतं.

तो काय म्हणाला ते कळव. मेसेज नको, फोन कर.

तुझा,
काका