डोळे दिले तर पुनरुत्थानाच्या दिवशी काय?

बायबलमध्ये अवयवदानाबद्दल वचन आहे का? (मिरज)

सरळ वचन नाही. मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी प्रत्यारोपणच 1954 साली बोस्टनमध्ये झाले. नेत्रदानाच्या उपदेशात गलती 4:15 वाचतात, जमले असते तर तुम्ही डोळे काढून मला दिले असते, असे प्रेषित पौल गलतीच्या मंडळीला लिहितो ते. पण तिथे तो गलतीकरांची माया आठवतोय, नियम घालून देत नाही. वचन ओढूनताणून लावू नये. आधार हवाच तर योहान 15:13 घ्या: मित्रांसाठी प्राण देण्याहून मोठी प्रीती नाही. मात्र अवयवदानाचा फॉर्म न भरणाऱ्याचा विश्वास कमी, असे कोणी पाळकाने म्हणू नये.

आजी म्हणते, डोळे दिले तर पुनरुत्थानाच्या दिवशी आंधळी उठेन. (सांगली)

आजींना 1 करिंथ 15 वाचून दाखवा, 35व्या वचनापासून. मेलेले कोणत्या शरीराने येतात, हा आजींचाच प्रश्न तिथे आहे. पौल दाण्याचा दाखला देतो: पेरतो तो नुसता दाणा, उगवते ते वेगळेच. शाळू पेरणाऱ्या घरात हे समजवावे लागत नाही. समुद्रसुद्धा आपल्यातले मृत परत देईल, असे प्रकटीकरण 20:13 सांगते. त्यांचे डोळे कुठे शाबूत असतात?

आजी हुशार असतील तर पुनरुत्थानानंतर येशूने शिष्य थोमाला दाखवलेले खिळ्यांचे व्रण काढतील (योहान 20). व्रण होते खरे, पण ते प्रभूची ओळख पटायला होते. त्या हातांना काही उणे नव्हते.

आणि चेहरा विद्रूप होत नाही, हेही सांगा. पंखा बंद करायचा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवायचा, नेत्रपेढीला लगेच फोन करायचा. सहा तासांच्या आत काम उरकते, दफनविधी अडत नाही.

ब्रेन डेड (मेंदू कायमचा बंद पडलेल्या) माणसाचे हृदय चालू असते. अवयव काढणे म्हणजे हत्याच ना? (कराड)

1994च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने चार डॉक्टरांना किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासावे लागते. काटेकोर तपासणीनंतर, मेंदू मेला की माणूस मेला, हा निकष पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2000 साली रोममध्ये मान्य केला. तरीही काही ख्रिस्ती विचारवंतांना तो पटत नाही, आणि त्यांची शंका मला पोरकट वाटत नाही. तुमचे मन घेत नसेल तर नेत्रदान करा, ते हृदय थांबल्यावरही होते.

अवयवदानाचे कार्ड भरलेय. घरी सांगू का? (सातारा)

आजच सांगा. कार्ड असले तरी ऐनवेळी डॉक्टर घरच्यांनाच विचारतात, आणि ते नको म्हणाले की विषय तिथेच संपतो.