नाव वगळलेल्या पूर्वजाचा शोध घ्यायचा तर आधी त्याचा हिस्सा कुणाकडे गेला ते बघा

तुम्ही लिहिलंय की पणजोबांचा धाकटा भाऊ ‘वाईट चालीचा’ होता, घर सोडून गेला, घरात कुणी त्याचं नाव काढत नाही आणि कागद तर एकही नाही. हे ‘कागद नाही’ वाचलं आणि लिहायला बसले. आमच्याकडेही अगदी हेच सांगायचे.

माझे आजोबा तीन भावांतले मधले. त्यांच्या धाकट्या भावाबद्दल आम्हाला एवढंच ठाऊक, की मुंबईला गिरणीत गेला, दारूला लागला, तिकडेच दुसरं घर केलं, घरी कधी दमडी पाठवली नाही. थोरल्या आजोबांचे चिरंजीव, आमचे अण्णा, यांनी घराण्याची वंशावळ छापून घेतली तेव्हा तिच्यात दोनच भाऊ. मी विचारलं तर म्हणाले, “कुळाला बट्टा लावणाऱ्याचं नाव कशाला घालायचं?” मी तेव्हा गप्प बसले, त्याचा मला अजून राग येतो.

पुढे पाटण तालुक्यातल्या आमच्या घराची कौलं उतरवायची ठरली म्हणून आवराआवर करायला गेले. माजघरात खुंटीला कागद टोचायची तार होती, खाली लाकडी चकती आणि वर आकडा. वर शेतसाऱ्याच्या पावत्या, सोसायटीच्या कर्जाचे कागद. एकेक सोडवत तळाशी पोचले तर मनीऑर्डरची कूपनं निघाली. पैसे घेणाऱ्याकडे राहायचा तो तुकडा, दोन ओळी लिहिण्यापुरती जागा असलेला. मोजली, सव्वीस भरली. प्रत्येकाच्या मधोमध गंजाचं तांबूस भोक, कडेला परळचा शिक्का. एकावर कुणाकडून तरी लिहून घेतलेल्या वळणदार अक्षरात होतं, ‘रु. १० पाठविले. आईस लुगडे घ्यावे. तांबड्या बैलाचा पाय कसा आहे ते कळवावे.’ मी तिथेच जमिनीवर बसले.

मग तहसीलला अर्ज करून जुने फेरफार, म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याच्या नोंदी, काढले. पणजोबा वारल्यावरच्या वारस नोंदीत तिन्ही मुलगे आहेत, थोरल्यांच्या नावापुढे ए.कु.मॅ. म्हणजे ते फक्त एकत्र कुटुंबाचे मॅनेजर. त्यानंतर १९५१ चा फेरफार. ‘नं. ३ हा परागंदा असून ठावठिकाणा नाही, सबब नाव कमी केले.’ वर्दी देणार थोरले. आणि माझ्या हातातल्या चार कूपनांवर १९५१ आणि १९५२ चे शिक्के! पोस्टमन दारात येऊन पैसे देऊन जात होता आणि तलाठ्याला सांगितलं जात होतं की माणसाचा पत्ता नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. घराण्यात कुणी ‘वाया गेलेला’ असेल तर त्याच्या व्यसनांच्या गोष्टी नंतर ऐका, त्याचा हिस्सा कुणाच्या नावावर चढला ते आधी बघा. आमच्याकडे बदनामी करणारे आणि जमीन कसणारे एकच निघाले.

सातबारा तुम्ही काढलाच असेल. त्याच्यावर कंसात आणि वर्तुळात जे फेरफार क्रमांक असतात त्यांचा माग काढत मागे मागे जा. कोतवाल बुकात (गाव नमुना १४) जन्म-मृत्यू सापडतील, पण जन्माला बहुतेकदा बाळाचं नाव नसतं, बापाचं नाव आणि ‘मुलगा’ एवढंच. २०२३ मध्ये न्या. शिंदे समितीसाठी कुणबी नोंदी शोधताना बऱ्याच जिल्ह्यांनी या बुकांची पानं आपल्या संकेतस्थळांवर गावनिहाय चढवली, ती चाळा. नाशिक किंवा त्र्यंबकेश्वरला तुमच्या गावाचे तीर्थोपाध्याय कोण ते विचारून त्यांची वही बघा, तिच्यात यजमानांच्या घराण्याची नावं लिहिलेली असतात. आमच्या पणजोबांनी तिथे तीन मुलगे सांगितले होते, मोडीत. वहीत नावं घालताना बाप जिवंत होता, वंशावळ छापताना नव्हता. गावाचा मुंबईत गाळा, म्हणजे गाववाल्यांची एकत्र राहायची खोली, असेल तर तिथे जुन्या वर्गणीच्या वह्या कुणाकडे आहेत त्याची चौकशी करा. गिरणीच्या हजेरीपटामागे मात्र लागू नका, माझे त्यात कितीतरी महिने गेले आणि हाती काही आलं नाही.

हेही सांगायला हवं, की धाकटे आजोबा साधुसंत नव्हते. गाळ्यात राहिलेल्या एका वृद्ध गाववाल्यांनी सांगितलं, दारू होती आणि दुसरं घरही होतं. तुमच्या पणजोबांचे भाऊ खरोखरच कुणाला बुडवून पळाले असतील, तसंही असू शकतं. शिवाय फेरफार ही महसुली नोंद आहे, तेवढ्यावर मालकी ठरत नाही, लगेच वकील गाठू नका. आणि नं. ३ च्या हिश्श्यातला अर्धा माझ्या आजोबांकडेही आला होता. त्याच जमिनीच्या उत्पन्नावर माझे वडील शिकले.

शेवटचं कूपन १९५७ चं आहे. पुढे ते कुठे गेले, कधी वारले, मला अजून लागलेलं नाही.

अण्णांसमोर मी फेरफाराची नक्कल आणि ती चार कूपनं ठेवली. बराच वेळ बघत बसले, मग म्हणाले, “जाऊ दे आता.” मी जाऊ देणार नाही. येत्या जत्रेआधी वंशावळ पुन्हा छापून घेतेय, तीन भावांची, माझ्या खर्चाने.