लहान टाकीसाठी बटू सिक्लिड

प्रश्न : नेरूळच्या आमच्या घरी 54 लिटरची माशांची टाकी वर्षभर व्यवस्थित चालू असून तिच्यात दहा निऑन टेट्रा आणि तळाशी वावरणारे सहा कोरीडोरस मासे आहेत. ब्लू रॅम या बटू सिक्लिडची (सिक्लिड कुळातल्या छोट्या माशाची) जोडी सोडावी का?

उत्तर : माझे मत विचाराल, तर नको. दक्षिण अमेरिकेतल्या ओरिनोको नदीच्या खोऱ्यातला हा मासा 27 ते 30 अंश तापमानात खुलतो, तर निऑनला त्याहून थंड पाणी मानवते; शिवाय पाण्यातली थोडीशी घाणही रॅमला सोसत नाही. त्याऐवजी दुसऱ्या एका बटू सिक्लिडची, कॅकॅटुऑइडिस जातीच्या अ‍ॅपिस्टोग्रामाची एकच जोडी घ्यावी. एवढ्या जागेत दोन नर ठेवल्यास दुबळ्याचे हाल ठरलेले. दुकानात भडक नरच नजरेत भरतात, पण करड्या-पिवळ्या मादीकडेही नीट पाहावे आणि पोट खपाटीला गेलेला किंवा पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा टाकणारा मासा घेऊ नये. तळाशी बारीक वाळू पसरून नारळाची करवंटी पालथी घालावी व तिच्या काठाला मादीपुरती खाच पाडावी. अंडी राखताना मादी हळदीसारखी पिवळीधमक होते आणि बिचाऱ्या कोरीडोरसना हुसकावत राहते. म्हणून करवंटी एका कोपऱ्यात ठेवून मध्ये झाडांचा आडोसा करावा.