अठरावा वाढदिवस येण्याआधी

ताई, मुलगा सतरा वर्षांचा आहे, ऑटिझम आहे, पण अजून शाळेत आहे, मग एवढी घाई कशाला, असं तुम्ही विचारलंय. घाई कराच.

अमेरिकेत शाळेतली मदत हा मुलाचा हक्क असतो. 1975 च्या कायद्याने तो मिळाला आणि बहुतेक राज्यांत एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी तो संपतो. पुढच्या सेवा आपणहून दारात येत नाहीत. अर्ज करायचा, पात्र ठरायचं आणि नंबर लागायची वाट बघायची. मेडिकेड वेव्हर, म्हणजे संस्थेत न ठेवता घरी राहूनच सेवा देणारी सरकारी योजना, हिच्यासाठी अनेक राज्यांत वर्षानुवर्षांची रांग आहे, त्यामुळे त्याचं नाव याच आठवड्यात नोंदवा. नोकरीसाठी राज्य बदललंत, तर नव्या राज्यात पुन्हा रांगेच्या शेवटी उभं राहावं लागतं, हेही लक्षात असू द्या.

अठरा पूर्ण झाल्यावर एसएसआयसाठी, म्हणजे कमी उत्पन्नाच्या अपंग व्यक्तींना दरमहा मिळणाऱ्या सरकारी मदतीसाठी, आईवडिलांची कमाई धरत नाहीत. पण त्याच्या स्वतःच्या नावावर 2,000 डॉलरपेक्षा जास्त रक्कम चालत नाही. आजी-आजोबांनी मायेने नातवाच्या नावावर भारतात एफडी केली असेल, तर ती आड येऊ शकते. त्यांना आत्ताच फोन करून सांगा. त्याच्यासाठी पैसे ठेवायचे तर एबल अकाउंट (अपंग व्यक्तीसाठीचं खास बचत खातं) किंवा स्पेशल नीड्स ट्रस्ट (तिच्यासाठी पैसे सांभाळणारा ट्रस्ट) आहे. त्यासाठी या विषयातला वकील गाठा.

बहुतेक राज्यांत अठराव्या वर्षी कायद्याने तो सज्ञान होतो. त्याच्या वतीने सही करण्याचा तुमचा अधिकार तिथे थांबतो. लगेच गार्डियनशिपकडे, म्हणजे कोर्टाकडून त्याचं पालकत्व घ्यायला, धावू नका. काही मुलांना ती लागते, पण तिच्यात त्याचे हक्क जातात. निर्णय त्याचा, मदत आपली, अशी व्यवस्था टेक्सासने 2015 मध्ये कायद्यात आणली; आता ती इतर अनेक राज्यांतही आहे.

हे मी उशिरा शिकले. माझ्या मुलाच्या डे प्रोग्रामच्या (अपंग प्रौढांच्या दिवसभराच्या केंद्राच्या) मीटिंगमध्ये केसवर्कर, म्हणजे त्याच्या सेवांचं काम बघणारी बाई, सगळं मलाच विचारत होती आणि मीही धडाधड उत्तरं देत होते. तो शेजारी बसून जॅकेटची चेन वर-खाली करत होता. शेवटी त्याने टॅबलेट माझ्यापुढे सरकवला. त्यावर लिहिलं होतं, 'सकाळची बस नको. आवाज.' वर्षभर तो रोज दारात का अडून बसायचा, ते मला त्या क्षणी कळलं. मी त्याला कधी विचारलंच नव्हतं.

मीटिंगमध्ये जे ठरेल ते त्याच रात्री ईमेलने लिहून पाठवा; तोंडी आश्वासनं केसवर्कर बदलली की विरून जातात. आमच्या त्या ईमेलची पहिली ओळ त्याची होती, त्याच्याच शब्दांत.