माझ्या घरात मी रात्री मोठ्यानं गाणी लावली तर शेजाऱ्यांचं काय जातं?

झोप जाते. घर तुमचं असलं तरी आवाज भिंतीपाशी थांबत नाही, एवढंच.

फ्रान्सच्या १७८९ च्या मानवी आणि नागरी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं चौथं कलम स्वातंत्र्याची व्याख्याच अशी करतं: दुसऱ्याला अपाय होणार नाही ते सारं करण्याची मोकळीक. संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात ३० कलमं आहेत. त्यातलं २९ वं सांगतं की समाजाप्रति माणसाची कर्तव्यं असतात, कारण समाजात राहूनच त्याचं व्यक्तिमत्त्व पूर्णपणे फुलतं.

पण तेच कलम पुढे समाजालाही वेसण घालतं, आणि हे सोयीस्करपणे विसरलं जातं. हक्कावर मर्यादा घालायची तर ती कायद्यानेच, आणि इतरांचे हक्क, नैतिकता, सार्वजनिक सुव्यवस्था किंवा लोकहित यांसाठीच. त्यामुळे ‘चार लोक काय म्हणतील’ हे कारण माझ्या मते पुरेसं नाही. उद्या शेजारी तुमच्या कपड्यांवर किंवा तुमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांवर बोलू लागले, तर खुशाल दुर्लक्ष करा. तिथे त्यांना त्रास होत नाही, फक्त आवडत नाही.

सभ्यता मात्र कायद्याच्या अलीकडेच सुरू होते. जिन्यात भेटल्यावर ‘काल आवाज जास्त झाला का?’ असं विचारायला कुठलंच कलम सांगत नाही. (तक्रार करणाऱ्यानंही आधी दार वाजवावं, थेट पोलिसांना फोन कशाला?)

तोवर हेडफोन लावा.