मुंबई ते न्यूयॉर्क विमानाने किती अंतर आहे आणि किती तास लागतात?

तुम्ही विचारलंय की आई पहिल्यांदाच एकटी न्यूयॉर्कला चाललीय, अंतर किती आणि खरंच किती तास बसावं लागतं. मुलगा न्यू जर्सीत असल्यामुळे माझ्या चार फेऱ्या झाल्यात, म्हणून लिहिते.

सरळ अंतर साधारण १२,५०० किमी. पण हे भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मोजू नका. नातवाच्या पृथ्वीगोलावर आम्ही मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणून धरला तर तो अटलांटिकमधून आडवा न जाता वर सरकत पार नॉर्वेच्या बाजूला गेला, तोच सगळ्यात जवळचा रस्ता. सपाट नकाशावरची सरळ रेघ धरून गेलं तर दीड हजार किमीहून जास्त पडतं. अर्थात विमान अगदी दोऱ्यावरून जात नाही, कुठल्या देशाची हवाई हद्द बंद आहे आणि वारा कसा आहे बघून रूट ठरतो.

आता वेळ. नॉनस्टॉप जाताना साधारण साडेपंधरा ते साडेसोळा तास, येताना चौदा ते पंधरा. अंतर तेच मग फरक का, तर १०-११ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरात वारा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात, आणि हिवाळ्यात तो जास्तच असतो. जाताना तो समोरून येतो, येताना मागून ढकलतो. सीटसमोरच्या स्क्रीनवर स्पीड दिसतो ना, जाताना मी ८०० च्या आतबाहेर बघितलाय आणि येताना हजाराच्या वर.

तिकिटावरच्या वेळांनी मात्र फसू नका. दोन्हीकडच्या वेळा तिथल्या तिथल्या असतात. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ. म्हणजे जानेवारीत रात्री दीडला निघून सोळा तासांनी उतरलं तर तिथे सकाळचे सातच वाजलेले असतात, आमच्या ह्यांनी पहिल्या वेळी तिकीट बघून साडेपाच तासांचा प्रवास धरला होता आणि गोळ्या तेवढ्याच हाताशी ठेवल्या, बाकीच्या चेक-इनच्या बॅगेत गेल्या. तेव्हा आईची सगळी औषधं केबिन बॅगेतच ठेवा, आणि इन्सुलिन किंवा ठरल्या वेळेच्या गोळ्या असतील तर कधी घ्यायच्या ते डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्या.

आखाती देशांतून किंवा युरोपातून बदलून गेलं की एकूण २०-२४ तास सहज जातात. तिकीट स्वस्त मिळतं बऱ्याचदा, पण आई एकटी आहे तर माझं मत नॉनस्टॉपच घ्या, परक्या एअरपोर्टवर गेट शोधत फिरण्यापेक्षा सोळा तास बसणं परवडलं. सीट आयल बाजूची, म्हणजे मधल्या वाटेकडची घ्या, म्हणजे कुणाला उठवायला न लागता दर दीड-दोन तासांनी चार पावलं चालता येतं, माझ्या पायांना पहिल्या वेळी एवढी सूज आली होती की उतरताना चपला चढेनात. व्हीलचेअर लागणार असेल तर तिकीट काढतानाच सांगून ठेवा.